आधी पाणी, मग ठोंब

आत्या, तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मी तोंड उघडलं. सगळ्या आळीनं ऐकलं, तूच तेवढी नव्हतीस. सतरा वर्षं तू मला म्हणत आलीस, "इंदे, तुझं सगळं बोलणं चुलीपुढं. चुलीला काय कान हैत का?" आणि ज्या दिवशी मी चूल सोडून अंगणात बोलले, त्या दिवशी तुझी जागा रिकामी. याचा मला राग आहे. पहिला राग तुझ्यावरच आहे.

आता गावात काय बोलतात ते ऐक. गयाबाईनं जन्मात कुणाला वाळ्याचा ठोंब नाही म्हटलं नाही, आणि सुनेनं तिच्या जलदानाच्या दिवशीच पाटलाच्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवलं. वरच्या आळीतले बोलतात ते सोड, आपल्या बौद्धवाड्यातलेही हेच बोलतात. तुझा लेक तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. भाकरी पुढं केली की खायचा आणि उठून जायचा. मी कुणापाशी सांगू? म्हणून लेकीच्या जुन्या वहीत पानं उरली होती, त्यांवर लिहिते. तुला वाचता येत नव्हतं. माहेरचं पत्र आलं की तू म्हणायचीस, "चौथी शिकलीस ना, मंग वाच, आन् मधलं काही गाळू नको." आताही मी काही गाळणार नाही. मी नाही म्हटलेलं नाही, आत्या. शेवटपर्यंत ऐक.

तुझं नि माझं माहेर एकच, शहागड. तू माझ्या बापाची बहीण, म्हणून लग्नानंतरही मी तुला आत्याच म्हटलं. लोकांपुढं तुम्ही, घरात तू. गोदावरीच्या काठच्या वाळ्याचा एक ठोंब तू ओल्या फडक्यात गुंडाळून इथं आणलास. तुझ्या सासूनं विचारलं होतं म्हणे, "माहेरून लुगडं आणायचं सोडून गवत आणलंस?" तू काय उत्तर दिलंस ते कधी कळलं नाही. पण नाल्याकाठचा आपला तुकडा दर पावसाळ्यात हातभर नाल्यात जायचा, आणि तू वाळा लावल्यापासून तो जायचा थांबला, हे सासूनंही पाहिलं आणि गावानंही.

मला वाळा लावायला तूच शिकवलंस. मिरगाच्या तोंडावर जुना ठोंब कुदळीनं काढायचा, माती झटकायची, हातानं फाडून दोन-तीन फुटव्यांचे लहान ठोंब करायचे. पातं वीतभर ठेवून छाटायचं, मूळ चार बोटं ठेवायचं, शेणकाल्यात बुडवायचं आणि नाल्याच्या काठानं ओळ धरून वीत-वीतभरावर लावत जायचं. पातं आणि मूळ जिथं भेटतं तिथला पांढरा, कांद्याच्या बुडासारखा गड्डा तू माझ्या बोटांनी चाचपून घेतलास. "वरचं हिरवं गेलं तरी चालतंय. खालचं मूळ तुटलं तरी चालतंय. हा गड्डा राह्यला पाहिजे. जीव इथं असतो." नाल्याकडची ओळ कधी खणायची नाही, ती जमीन धरते. आतली ओळ दोन वर्षांनी थंडीत खणायची, मुळं धुवायची, सावलीत वाळवायची, अंबाडीच्या सुतानं जुड्या बांधायच्या. वाळ्याच्या पात्याला काही वास नाही. जनावर तोंड लावून सोडून देतं. सगळा वास मुळाला.

त्या जुड्या आपण कुंभार पिंपळगावच्या बाजारात नेत होतो आणि माठ विकणाऱ्या कुंभाराशेजारी बसत होतो. लोक माठ वाजवून घ्यायचे आणि जुडी नाकाला लावून घ्यायचे. तुझी जुडी नाकाला लावताना कुणी तुझी जात विचारली नाही. मला वाटायचं, हे चांगलं आहे. तेव्हा मी नवी होते.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू मला पाटलाच्या घरी नेलंस. त्यांच्या माठांना दरसाल तुझ्याच जुड्या लागायच्या. आपल्याला दीक्षा घेऊन चार वर्षं झाली होती, घरातले देव नाल्यात सोडून झाले होते. मला वाटलं होतं, मागचं काहीतरी त्यांच्याबरोबर वाहून गेलं असेल. थोरल्या बाई ओसरीवर आल्या. तुझ्यापेक्षा त्या दहा वर्षांनी लहान, पण म्हणाल्या, "गये, आलीस का? ठेव तिथं." तू जुड्या दगडावर ठेवल्यास आणि मागं सरलीस. त्यांनी तांब्यातलं पाणी जुड्यांवर शिंपडलं, मग उचलल्या, नाकाला लावल्या. "लई चांगला वास हाय यंदा."

दुपार तापली होती. तू म्हणालीस, "बाई, घोटभर पाणी." त्यांनी आतल्या माठातून तांब्या भरून आणला. तू ओंजळ धरलीस, त्यांनी वरून धार सोडली. मग मलाही. मागच्या बाजाराला तू नेलेली जुडी त्याच माठात होती. त्या मुळ्या मी नाल्यावर चोळून धुतल्या होत्या, त्यांची माती माझ्या नखांत महिनाभर राहिली होती. मी धुतलेलं मूळ माठाच्या तळाशी चालतं आणि माझा हात तांब्याला चालत नाही. ती धार ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळली तेव्हा मी पाणी प्यायलेच नाही, खाली सोडून दिलं. तू मात्र प्यालीस. तोंड पुसलंस आणि हसून म्हणालीस, "बाई, वास बराबर उतरलाय."

हसलीस, आत्या! वाटेत मी तुला म्हटलं, "तुला लाज कशी वाटत न्हाई?" तू म्हणालीस, "कशाची? पाणी गोड होतं का न्हाई ते सांग."

"मी पेलेच न्हाई."

"मंग तुला काय कळणार? उन्हाची तहानेनं मरशील. चल जल्दी."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणायची, यांना वाळा द्यायचा नाही. जुडी नाही आणि ठोंबही नाही. तू म्हणायचीस, ठोंब मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, ज्या बाईनं मला पहिला ठोंब दिला तिनंही विचारलं नव्हतं तू कोण. "वास कुणाला इचारून जातो का, इंदे? मूळ जमिनीखालून चालतंय. येळ लागतो." किती वेळा ऐकवलंस हे! एकदा मी उत्तर दिलं होतं, तेही चुलीपुढंच. म्हटलं, वाळ्याचं मूळ सरळ खाली जातं, शेजाऱ्याच्या रानात घुसत नाही म्हणून तर लोक बांधावर लावतात, हे तूच मला शिकवलंस. तर ते त्यांच्यापर्यंत चालत जाणार कधी? तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "चौथी शिकलेली हाय माझी सून."  

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, ती गाळत नाही. दुष्काळात आपण खडी फोडायला जात होतो. त्या साली शेतकऱ्यांच्या बायकाही कामावर होत्या, डोक्यावर पदर पुढं ओढून, कुणी ओळखू नये म्हणून. पाण्याची दोन पिंपं होती, एक त्यांचं, एक आपलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण होती. तू आपल्या पिंपात वाळ्याची जुडी सोडलीस. तीन दिवसांनी वरच्या आळीतली एक बाई आली, आजूबाजूला पाहिलं, आणि आपल्या पिंपातून दोन डाव पाणी पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. ही गोष्ट तू मला पाच वर्षं ऐकवलीस. "आभाळ पडलं का? न्हाई पडलं. वासानं आणलं का न्हाई त्यांना?" पण आत्या, पाऊस पडला, काम बंद झालं, आणि त्याच बाईनं नाल्यावर आपल्या घागरीचा शिंतोडा उडाला म्हणून स्वतःची घागर पुन्हा घासली. हे तू कधी सांगितलं नाहीस. मधलं गाळायचं नाही म्हणणारी तू, हे मात्र गाळायचीस.

आता मी जे गाळलं ते सांगते.

दुष्काळ सरला त्या साली पाटलाच्या रानात नवा बांध घातला होता. आपल्या तुकड्याची माती वाळ्यानं धरली, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा गडी किसन निरोप घेऊन आला, "बाईनं दोनशे ठोंब सांगितलेत." तुझ्या पायात काटा मोडून तो सुजला होता. तू बाजेवरून म्हणालीस, "इंदे, तू काप. बराबर काप."

मी दोनशे ठोंब कापले, आणि एकेकाचा गड्डा कापून टाकला. पात्याच्या बुडाशी विळा लावला, गड्डा निराळा केला, पात्यांची मोळी करून बुडाला ओली माती लिंपली, कुणाला दिसू नये म्हणून. मला त्या ओसरीवरचा तांब्या दिसत होता. किसन ते घेऊन गेला. त्यांच्या माणसांनी बांधावर लावले. पाऊसही चांगला लागला. आठ-दहा दिवस पातं हिरवं राहिलं, मग सगळी ओळ पिवळी पडली आणि वाळून गेली.

थोरल्या बाईंनी तुला चारचौघांत बोलावलं. मी तुझ्या मागं उभी होते. "गये, दोनशे लावले, एक जगला न्हाई. तुझ्या हाताचा गुण गेला आता. म्हातारी झालीस." सगळे हसले. तू म्हणालीस, "व्हय बाई, माझाच हात चुकला."

त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस. उंबऱ्यात बसून स्वतःचे तळहात पाहत बसलीस. तुझ्या हातांचा तुला केवढा अभिमान होता! वाळलेली काडी लावली तरी फुटते, असं तू स्वतःच सांगायचीस. मी तुझ्यासमोर उभी होते, आणि तशीच चूल पेटवायला आत गेले. ज्यांच्यासाठी केलं त्यांना काही लागलं नाही. लागलं तुला.

पाय पुरता उतरला नव्हता तरी तू स्वतः ठोंब कापलेस आणि त्यांच्या बांधावर गेलीस. तीन दिवस वाकून लावत होतीस. मी येते म्हटलं तर नको म्हणालीस. लावण्याआधी तू मेलेले ठोंब उपटले असणार. एक जरी हातात घेतला असशील तरी तुला कळलं असणार. गड्डा नाही. विळ्याचा कापलेला सरळ काठ. उंदरानं खाल्लं तर असा काठ येत नाही, कुजून गेलं तर असा येत नाही.

चौथ्या दिवशी तू मला नाल्यावर नेलंस. ठोंब फाडून माझ्या हातात दिलास आणि मी कालच लग्न होऊन आल्यासारखी पहिल्यापासून शिकवायला लागलीस. "हे पातं. हे मूळ. आन् हा गड्डा. हा ठेवायचा. ध्यानात राहील ना?" मी म्हटलं, राहील. तू म्हणालीस, "चुकतं माणूस." आणि कामाला लागलीस.

आत्या, मी चुकले नव्हते! बारा वर्षं वाळा कापणाऱ्या बाईला गड्डा कुठं असतो हे माहीत नाही, असं तुला खरंच वाटलं? की तू सगळं ओळखलंस आणि मला अडाणी ठरवून मोकळी केलीस? तुला झाकायचं होतं ते कळतं मला. पण माझा राग होता तो. माझ्या सगळ्या आयुष्यात चुलीबाहेर आलेला तेवढाच एक राग होता, तोही विळ्याच्या पात्याएवढा, चोरून केलेला. तो तू माझ्याकडून काढून घेतलास आणि त्याच्या जागी चूक ठेवलीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. "कामून केलंस असं?" एवढं विचारलं असतंस तर मी सगळं बोलले असते. चार वर्षं मी वाट पाहिली की तू विचारशील. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. त्या बांधावर तुझा वाळा आता कमरेएवढा आहे. जाता-येता दिसतो, आणि दर वेळी माझी मान खाली जाते.

एवढं रागावून लिहिते आणि मध्येच तुझा हात आठवतो. धाकटीच्या वेळी मला ताप चढला होता तेव्हा तू वाळ्याच्या पाण्यात फडकं भिजवून कपाळावर ठेवत होतीस, पहाटेपासून दिवस डोक्यावर येईपर्यंत. "थंड वाटतंय का गं, इंदे?" मला बोलता येत नव्हतं, मी मान हलवली. तू म्हणालीस, "बोलू नको. तुला तसं बी कुठं बोलता येतंय." मला तापात हसू आलं. लेक झाली म्हणून कुणी नाक मुरडलं नाही ते तुझ्यामुळं. आणि ती सातव्या यत्तेपर्यंत शिकली तीही तुझ्या जुड्यांवर. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर इतका राग आला नसता.

शेवटच्या आठवड्यात तुला दुसरं काही जात नव्हतं, आपल्या माठातलं पाणी तेवढं जायचं. चमच्यानं द्यायचे. तू डोळे मिटून म्हणायचीस, "जुडी उन्हात घालून आण, वास उतरलाय." वास उतरला नव्हता, तुझं नाक गेलं होतं. तरी मी जुडी उन्हात घालून आणायची आणि पुन्हा माठात सोडायची, तुझ्या समाधानासाठी. ती जुडी तूच बांधलेली होती, थंडीत. तुझी गाठ ओळखू येते, दोन वेढे आणि एक उलटा.

आता पाचवा दिवस.

जलदानाचा विधी झाला. भिंतीवरच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी हात जोडले, तुझ्या नावानं भांड्यातलं पाणी ताटात सोडलं. ताट काठोकाठ भरलं. मंडळी अंगणात बसली होती. तेवढ्यात थोरल्या बाई आल्या. पाटलाच्या घरचं माणूस आपल्या आळीत सहसा येत नाही, म्हणून सगळे उठले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, आत्याच्या मोलाची त्यांना जाण आहे. लिंबाखाली बाज टाकली. त्या बसल्या. ऊन मरणाचं होतं, आळीच्या टोकापासून चालत आल्या होत्या, पदरानं तोंड पुसत होत्या, ओठ सुकले होते.

मी माठातलं पाणी तांब्यात घेतलं, वर पेला ठेवला आणि पुढं केलं. वाळ्याचा वास मलाच आला. तुझी जुडी होती ना त्यात.

बाई म्हणाल्या, "तहान न्हाई गं. आत्ताच पिऊन आले."

मी तांब्या खाली ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिले. त्या बोलायला लागल्या. "गया लई चांगली होती. तिच्यासारखं माणूस न्हाई. तिच्या वाळ्याबिगर आमच्या माठातलं पाणी गोड लागत न्हाई. आता कोण देणार?" आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "आन् हे बघ, मिरगाच्या आधी दोनशे ठोंब लागतेत. खालच्या बांधाला लावायचेत. उद्या किसनला पाठवते. गयानं कधी न्हाई म्हणलं न्हाई."

पाच दिवस झाले होते, आत्या. पाच. तुझ्या नावाचं पाणी ताटात तसंच होतं.

मी म्हटलं, "ठोंब हैत. आधी पाणी प्या."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाई हसल्या. "तहान न्हाई म्हणलं ना."

मी म्हटलं, "मंग ठोंबाला बी घाई न्हाई."

तुझा लेक मागून म्हणाला, "इंदे!" चुलत सासूनं माझा पदर ओढला. बाई माझ्याकडं पाहत राहिल्या. सतरा वर्षांत त्यांनी मला पाहिलंच नव्हतं, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाल्या, "गयाची सून ना तू? तिच्या मागं तिचं नाव घालवलंस." आणि उठून गेल्या.

भरला तांब्या धरून माझा हात भरून आला होता. पण मी तो खाली ठेवला नाही.

त्यानंतर मी नाही नाही ते ऐकलं. चुलत सासू म्हणाली, मेलेल्या माणसाचा तरी मान ठेवायचा. कुणाचा मान, आत्या? तुझ्या दारात, तुझ्या नावाच्या पाण्यापुढं बसून, तहानेनं ओठ सुकलेले असताना ज्या बाईनं तुझ्या माठातलं पाणी परत केलं, तिनं तुझा मान ठेवला? आणि मी घालवला? तू असतीस तर "ऱ्हाऊ दे, इंदे" म्हणाली असतीस, तांब्या माझ्या हातून घेतला असतास, आणि दोनशे ठोंबांना हो म्हणून टाकलं असतंस. मला माहीत आहे. आणि म्हणूनच मला तुझा राग येतो. तुझ्या त्या हो म्हणण्यानं त्यांना सतरा वर्षं काही विचारावं लागलं नाही.

पण दोन दिवस गेले आणि तुझी गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. ठोंब मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. शहागडच्या त्या बाईनं तुला विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं तर तुझी साखळी माझ्यापाशी तुटते. आणि हो म्हटलं तर ती ओंजळ पुढं माझ्या लेकीची. मी नाल्यावर जाऊन बसले. तिथं बसून एकदम सुचलं की मी अंगणात जे बोलले तेच बरोबर होतं, ते रागाच्या भरात बोलले एवढंच. आता शुद्धीवर असताना तेच करायचं.

म्हणून मी आतली एक ओळ खणली. नाल्याकडच्या ओळीला हात लावला नाही. दोनशे ठोंब फाडले. पातं वीतभर, मूळ चार बोटं, शेणकाल्यात बुडवून लिंबाच्या सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवले. शेजारी आपला माठ नेऊन ठेवला, त्यावर पेला. तुझी जुडी माठातच आहे.

तुझा लेक पाहत होता. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलला, "एवढे कुणासाठी?"

मी म्हटलं, "मागितलेत ना बाईनं."

"मंग माठ कामून आणलास?"

"पाण्यासाठी."

मग तीन दगड आणून त्यानं माठाखाली नीट बसवले, माठ हलत होता म्हणून.

परवा किसन आला. मिशी पांढरी झाली आता त्याची. "वयनी, बाईनं ठोंब आणायला लावलंय."

"देते की. आधी पाणी."

त्यानं माठाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. उन्हानं पुरता भाजून निघाला होता. मग बसला, पेला भरला आणि प्याला. दुसरा भरला. "गयाबाईचा वाळा हाय वाटतं," म्हणाला. तिसराही प्याला आणि उठला. "पेलो. द्या आता दोनशे."

मी पाच ठोंब काढून दिले.

"हे काय?"

"तुम्ही पेला, तुमचे घ्या. दोनशे ज्यांना पाह्यजेत त्यांनी यायचं."

"अवो, मी पाच ठोंब लावू कुठं? मला बांध हाय का?"

"उकिरड्यापाशी लावा. वास येईल."

तो आधी खेकसला, मग त्यालाच हसू फुटलं. जाताना म्हणाला, "बाईला काय सांगू?"

"जे झालं तेच सांगा. ठोंब तयार हैत म्हणावं."

"आन् मी पाणी पेलो ते?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

उपरण्यात पाच ठोंब गुंडाळून गेला. लावले की नाल्यात टाकले, माहीत नाही. बाईंना काय सांगितलं तेही माहीत नाही.

मिरगाला आठ दिवस आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ मी पोत्यावर पाणी मारते आणि माठ भरून ठेवते. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुणाची चाहूल लागली की अजूनही माझे पाय घरात वळतात. तरी दुपारची मी लिंबाखालीच बसते. बाई आल्या नाहीत तर मिरगाला नाल्यावर आपलीच दुसरी ओळ होईल. आल्या तर त्यांच्या हातात पेला मी देईन, खाली ठेवून नाही, हातात.

आणि आत्या, एकशे पंच्याण्णव उरलेत. एकेक उचलून, उजेडात धरून, बोटांनी चाचपून पाहिलाय. प्रत्येकाला गड्डा आहे.